गुणवत्तेचा शोध आणि मुलांचे ग्रंथालय



जून महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नवी पाठ्यपुस्तके वाटली जातात. बहुसंख्य मुले ती दप्तरात ठेवतात आणि शिक्षक शिकवतील तसतसा एकेक धडा उघडतात. परंतु जवळजवळ प्रत्येक शाळेत एखादे तरी मूल असे असते, की जे भाषेचे पुस्तक पहिल्या पंधरवड्यातच वाचून संपवते. मोठ्या भावाचे किंवा बहिणीचे पुस्तकही त्याने चाळलेले असते. किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागदही ते सोडत नाही. जुलैपासून एप्रिलपर्यंत या मुलाने काय वाचावयाचे, या प्रश्नाला शाळेच्या वेळापत्रकात सहसा उत्तर नसते. मूल काही दिवस वाट पाहते, मग कंटाळते, आणि पुढे पुढे त्याची ओळख 'वर्गात लक्ष नसलेला मुलगा' अशी होऊन बसते. मुलगी असेल तर बहुधा ती शांत बसते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही.

अशा मुलांचा शोध कसा घ्यावयाचा आणि त्यांच्या भुकेला पुरेल असे खाद्य कोठून आणावयाचे, हा आजच्या विचाराचा विषय आहे. हा शोध केवळ परीक्षेच्या दिवशी घेण्याचा नाही. शाळेतील सर्व मुलांपुढे पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचन मोकळे ठेवले आणि ते चालविण्याची जबाबदारी मुलांच्याच हाती सोपविली, तर पुष्कळ गुणी मुले आपोआप दिसू लागतात, आणि ज्यांना कोणी गुणी म्हटले नव्हते त्यांचाही लाभ होतो. या विधानाला आधार कोणता, आणि ते प्रत्यक्षात आणण्यासाठी शाळेने व पंचायतीने काय करावे, हे क्रमाने पाहणे उचित होईल.

निवडीची परंपरा

गुणवान मुलांना शोधून काढण्याचे प्रयत्न आपल्या राज्यात झाले नाहीत, असे मुळीच नाही. १९६२ मध्ये पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा शास्त्रीय विचार सुरू केला. १९६६ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी शासकीय विद्यानिकेतने सुरू केली. राष्ट्रीय पातळीवर नवोदय विद्यालयांची योजना आली. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये निघाली. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे होते आणि दुसरे आपल्या अमरावतीत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा तर कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. २००८ पासून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्तीची योजना चालू आहे. तीत शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील निवडक विद्यार्थ्यांना नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

या सर्व योजनांनी अनेक घरांचा कायापालट केला आहे. ज्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरातील मुले या वाटेने डॉक्टर, अभियंते आणि प्रशासक झाली. तथापि त्यांची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. नवोदय विद्यालयात एका वर्षी सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात आणि त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. जिल्ह्यात पाचवीत शिकणारी मुले मात्र हजारोंनी असतात. निवड न झालेली मुले आपल्या गावच्या शाळेत परत येतात. त्यांतील पुष्कळ जणांचे गुण निवड झालेल्यांपेक्षा दोन-चारच कमी असतात. शिवाय काही मुलांपर्यंत परीक्षेचा अर्जच पोहोचलेला नसतो. या सर्वांसाठी त्यांच्या स्वतःच्या शाळेत काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

चाळणीतून निसटणारी मुले

निवड कितीही काळजीपूर्वक केली तरी तीतून काही मुले निसटतात, हे जगभरचा अनुभव सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुलांचा एक विख्यात अभ्यास सुरू केला. शिक्षकांनी नावे सुचवावयाची आणि मग बुद्धिमापन चाचणीने निवड करावयाची, अशी त्यांची पद्धत होती. सुमारे दीड हजार मुले निवडली गेली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा अनेक दशके घेतला गेला. या चाचणीत ज्यांना कमी गुण मिळाले म्हणून वगळण्यात आले, अशा मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन नावे होती. पुढे शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही तो सन्मान लाभला नाही.

याच देशातील एक अलीकडचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' या स्थानिक घटकाकडे असतो व बहुतेक ठिकाणी त्यावर लोकनिर्वाचित मंडळ असते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीशी त्याची तुलना करता येईल. फ्लॉरिडा राज्यातील ब्रोवर्ड हा असाच एक मोठा शालेय जिल्हा आहे. तेथील विद्यार्थ्यांत निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिशभाषक कुटुंबांतील होती. परंतु तिसरीच्या प्रज्ञावान म्हणून नोंदलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण अवघे २८ टक्के होते. कारण साधे होते. चाचणीसाठी कोणाला पाठवावयाचे हे शिक्षकांच्या व पालकांच्या शिफारशीवर अवलंबून होते. शिकलेले, सुस्थितीतील पालक शाळेत येऊन आग्रह धरीत. मजुरी करणाऱ्या पालकांना अशी काही सोय आहे हेच ठाऊक नसे.

२००५ मध्ये या जिल्ह्याने नियम बदलला. दुसरीच्या प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घेण्याचे ठरले आणि शिफारशीची अट राहिली नाही. या बदलाचा अभ्यास डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅनिशभाषक मुलांत प्रज्ञावान ठरणाऱ्यांचे प्रमाण २ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणि कृष्णवर्णीय मुलांत १ टक्क्यावरून ३ टक्क्यांवर गेले. मुले तीच होती, शाळाही त्याच होत्या. बदलली होती ती फक्त पाहण्याची रीत.

या अभ्यासाचा दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. एखाद्या शाळेत प्रज्ञावान मुले दोन-चारच असली तरी त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढावयाचा आणि त्यातील उरलेल्या जागा त्या इयत्तेतील अभ्यासात पुढे असलेल्या इतर मुलांनी भरावयाच्या, असा तेथे नियम होता. या वर्गांचा सर्वांत मोठा लाभ झाला तो या उरलेल्या जागांवर बसलेल्या मुलांना, आणि त्यांतही कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक मुलांना. वाचन व गणित या दोन्ही विषयांत त्यांची प्रगती लक्षणीय होती. नेहमीच्या वर्गात राहिलेल्या मुलांचे त्यामुळे नुकसान झाल्याचेही आढळले नाही. ज्यांच्या नावापुढे 'प्रज्ञावान' असा शिक्का नव्हता, त्यांनाच वरच्या पातळीच्या शिक्षणाचा अधिक उपयोग झाला.

पुढे आर्थिक मंदीच्या काळात खर्चात कपात झाली. २०१० नंतर सर्वांची चाचणी घेणे बंद पडले आणि गरीब वस्त्यांतील मुले पूर्वीसारखीच यादीतून नाहीशी झाली. जी व्यवस्था खर्चिक असते ती पहिल्या टंचाईत बंद पडते, हाही या उदाहरणाचा एक धडा आहे. म्हणून आपल्याकडे असे साधन हवे, की जे सर्व मुलांपर्यंत पोहोचेल, अल्प खर्चात चालेल आणि एखाद्या वर्षी अनुदान उशिरा आले तरी थांबणार नाही. वाचन हे असे साधन आहे.

बागेतील एक विद्यार्थी

वाचनातून गुणवत्ता ओळखली गेल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक व ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुस्कर संध्याकाळी चर्नी रोडजवळच्या बागेत जात असत. तेथे एक शाळकरी विद्यार्थी नित्य पुस्तक वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशांवाचून अडले तेव्हा केळुस्करांनीच त्याची शिफारस बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे केली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये तो विद्यार्थी बी. ए. झाला आणि दुसऱ्या वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

केळुस्करांच्या नजरेत प्रथम भरली ती त्या मुलाची वाचनाची ओढ. घरात जागा नाही म्हणून बागेत येऊन वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याच्या हाती पुढचे पुस्तक दिले आणि वेळ आली तेव्हा योग्य दार ठोठावले. गुणवान मुलासाठी शिक्षकाने करावयाची तीनही कामे येथे एकत्र दिसतात. मात्र यासाठी मूल वाचताना दिसावे लागते, आणि ते दिसण्यासाठी त्याच्या हाताशी पुस्तक असावे लागते.

कपाटाचे कुलूप

पुस्तके आपल्या शाळांत नाहीत असे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे बंधन आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. बालभारती १९७१ पासून मुलांसाठी 'किशोर' मासिक प्रसिद्ध करीत आहे. नॅशनल बुक ट्रस्टची अल्प किमतीची सचित्र पुस्तके मराठीतही उपलब्ध आहेत.

अडचण आहे ती कपाटाच्या कुलपाची. पुष्कळ शाळांत पुस्तके कार्यालयातील लोखंडी कपाटात असतात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते. याचा सगळा दोष शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल. पुस्तक साठा नोंदवहीवर चढलेले असते. ते हरवले किंवा फाटले तर तपासणीच्या वेळी विचारणा होते आणि प्रसंगी रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागेल, अशी भीती वाटते. दोन शिक्षकी शाळेत पोषण आहार, विविध माहितीपत्रके आणि सर्वेक्षणे सांभाळून शिक्षकाने देवघेवही पाहावी, ही अपेक्षा अवाजवीच ठरते. पुस्तक कुलपात असले की शंभर टक्के सुरक्षित राहते, आणि शंभर टक्के निरुपयोगी होते.

या भीतीवर प्रशासनाने उपाय काढला पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक समंजस तरतूद आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी हाताळल्या गेलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे वाजवी नुकसान मानावे, मात्र ते अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेले नसावे, असे नियम २१५ सांगतो. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या किंवा दुर्मिळ ग्रंथाची मात्र चौकशी झालीच पाहिजे, असेही त्यात आहे. हे नियम जिल्हा परिषदांना थेट लागू होत नाहीत, परंतु त्यांमागील दृष्टी स्वीकारता येण्यासारखी आहे. वाचून फाटलेल्या पुस्तकाचे वेळच्या वेळी निर्लेखन कसे करावयाचे, हे जिल्हा स्तरावरून आपल्या नियमांच्या चौकटीत एका स्पष्ट परिपत्रकाने कळविले, तर अनेक कपाटे त्याच आठवड्यात उघडतील. तपासणी अधिकाऱ्यांनीही 'किती पुस्तके शिल्लक आहेत' यापूर्वी 'किती पुस्तके मुलांच्या घरी गेली आहेत' हा प्रश्न विचारावा.

मुलांनी चालविलेली देवघेव

शिक्षकाला वेळ नाही ही अडचण खरी असल्यामुळे, देवघेवीचे काम मुलांकडे देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी फार मोठी सिद्धता लागत नाही. पाचवी ते सातवीतील चार किंवा पाच मुलामुलींचे ग्रंथालय मंडळ नेमावे. दर तीन महिन्यांनी त्यातील निम्मी मुले बदलावीत, म्हणजे अनुभवही टिकतो आणि संधीही फिरते. मंडळात केवळ पहिल्या नंबरांची मुले घेऊ नयेत. सुट्टीच्या दिवशी शेतावर जाणारे, अभ्यासात बेताचे परंतु व्यवहारात चोख असलेले मूल ही कामे अनेकदा उत्तम रीतीने करते.

पुस्तके कपाटातून काढून दोरीवर किंवा उघड्या फळीवर, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. आठवड्यातील दोन दिवस दुपारच्या सुट्टीत अर्धा तास देवघेव ठेवावी. नोंदवहीत तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव, परत केल्याची तारीख आणि 'पूर्ण वाचले की अर्धवट' एवढे पाच रकाने पुरेत. अर्धवट वाचले असे लिहिण्यास मुलांनी संकोचू नये. कोणते पुस्तक कोणालाच आवडत नाही, हेही त्यावरून शाळेला कळते. फाटलेली पाने चिकटविणे, पाठीवर जाड कागद लावणे ही कामे मंडळाने शनिवारी करावीत. परिपाठात दररोज एका मुलाने आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन मिनिटे सांगावे. शिक्षकाने नेमून दिलेल्या पुस्तकापेक्षा वर्गमित्राने सांगितलेले पुस्तक अधिक वाचले जाते, हे सर्वच अनुभवी शिक्षक जाणतात.

ही नोंदवही शिक्षकाने महिन्यातून एकदा नीट पाहावी. गुणवत्तेचा शोध घेण्याचे ते अत्यंत साधे साधन आहे. समजा, सहावीतील एका मुलीच्या नावापुढे दोन महिन्यांत पंधरा पुस्तके आहेत आणि त्यांतील सहा पक्षी व प्राणी यांविषयीची आहेत. चाचणी परीक्षेत ती मधल्या क्रमांकावर असेलही, पण तिच्या आवडीची दिशा या पानावर स्पष्ट उमटलेली असते. एखादा मुलगा एकच गणितकोड्यांचे पुस्तक चार वेळा नेतो. एखादे मूल पुस्तक नेऊन दुसऱ्याच दिवशी परत आणते. त्याने ते वाचले का, हे दोन प्रश्न विचारले की कळते आणि पुष्कळदा वाचलेले असते. या नोंदी परीक्षेच्या एका दिवसाच्या नसतात, वर्षभराच्या असतात. आजारपण, घबराट किंवा सरावाच्या पुस्तकांचा अभाव यांचा त्यांवर परिणाम होत नाही.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. २०२४ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. निम्म्याहून अधिक मुले पायाभूत वाचनातच मागे असताना पुढे गेलेल्या मुलांचा विचार कशासाठी? याचे उत्तर असे, की मुलांच्या ग्रंथालयात ही दोन कामे परस्परविरोधी राहत नाहीत. चांगले वाचणारे मूल आणि अडखळत वाचणारे मूल यांची जोडी लावून आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे एकत्र वाचन ठेवले, तर दोघांनाही लाभ होतो. समवयस्कांनी एकमेकांस शिकविणे हे शिकणाऱ्याइतकेच शिकविणाऱ्यालाही उपकारक असते, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मान्य केले आहे. पुढे असलेल्या मुलाला समजावून सांगण्याची सवय लागते, आणि आपली हुशारी ही दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची वस्तू आहे, हा संस्कारही होतो. मात्र एक मर्यादा पाळावी. हुशार मुलाला वर्गाचा विनावेतन शिक्षक करू नये. त्याच्या स्वतःच्या वाचनाचा वेळ अबाधित राहिला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शाळा सुटल्यावर पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे बहुधा त्यांच्याकडे येतात. म्हणून वाचनाचा काही वेळ शाळेच्या तासांतच असला पाहिजे. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांबरोबर दोन-तीन पुस्तके जाऊ द्यावीत. त्यांतील एखादे परत आले नाही तरी फार मोठी हानी होत नाही.

पुढची पायरी

गुणी मूल ओळखले गेले की त्याला पुढची पायरी मिळाली पाहिजे. अन्यथा ओळख पटूनही उपयोग नाही. पहिली पायरी पुस्तकांचीच आहे. शाळेच्या संग्रहात सर्व पुस्तके चौथीच्या पातळीची असू नयेत. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'बरोबरच जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी'सारखी, सातवीतील मुलाला थोडी जड जातील अशीही पुस्तके हवीत. शब्दकोश, नकाशासंग्रह आणि चरित्रे ही हवीतच. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. शाळेतील एका संगणकावर किंवा टॅबवर त्यांची सोय सहज होते.

दुसरी पायरी केंद्राची आहे. एका लहान शाळेत असे मूल एकटे असते. त्याच्या बरोबरीने बोलणारे दुसरे कोणी नसते. केंद्रातील दहा-बारा शाळांच्या ग्रंथालय मंडळांचा दोन महिन्यांतून एकदा मेळावा झाला, तर या एकट्या मुलांची एकमेकांशी गाठ पडते आणि शाळाशाळांत पुस्तकांची अदलाबदलही होते. विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा या स्तरांवर विषयवार मंडळे असावीत, अशी सूचना २०२० च्या धोरणात आहेच. केंद्रप्रमुखांनी तिला या रूपाने आरंभ केला, तर नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

तिसरी पायरी माहितीची आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय प्रवेश आणि आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती यांच्या तारखा व अटी ग्रंथालयाच्या फलकावर ठळक लिहाव्यात. नोंदवहीत ज्यांचे नाव वारंवार दिसते, त्यांच्या घरी शिक्षकाने किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने स्वतः जाऊन पालकांशी बोलावे. अर्ज करा असे सांगण्यास कोणी घरी येत नाही, एवढ्याच कारणाने कित्येक मुले मागे राहतात.

पंचायतीचा वाटा

या कामात पंचायतीने काय करावे, याचे उत्तर बडोद्याच्या इतिहासात सापडते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. मुले लिहावाचावयास शिकली, पण पुढे वाचावयास काही नसेल तर ती शिकलेले विसरतील, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. गावोगाव फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या जाऊ लागल्या. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे झाले.

शेजारच्या कर्नाटकातही अलीकडे असा प्रयत्न झाला. 'ओदुव बेळकु', म्हणजे 'वाचनाचा प्रकाश', हा उपक्रम तेथील ग्रामविकास व पंचायत राज विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केला. कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. त्या वेळी राज्यातील पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयांचे सभासदत्व ६ ते १८ वर्षांच्या मुलांना विनामूल्य देण्यात आले. ग्रामपंचायतीने मनात आणले तर ती मुलांच्या वाचनासाठी काय करू शकते, हे त्यावरून दिसून आले.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. अनेक गावांत 'ड' वर्गाचे ग्रंथालय आणि जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर असतात, परंतु दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. ग्रंथालयाने शाळेच्या मंडळाला महिन्यातून एकदा पन्नास पुस्तके द्यावीत आणि पुढच्या महिन्यात बदलून द्यावीत, एवढी व्यवस्था सरपंचांनी घडवून आणली तर एक पैसाही न खर्चता शाळेचा संग्रह वाढतो. गावाच्या विकास आराखड्यात पुस्तकांसाठी छोटी तरतूद करणे, संध्याकाळी दोन तास दिवा असलेली एक खोली मुलांना वाचावयास मोकळी ठेवणे आणि ग्रामसभेत मुलांच्या ग्रंथालय मंडळाला वर्षातून एकदा आपला अहवाल वाचू देणे, ही कामेही पंचायतीच्या अधिकारातील आहेत. गावापुढे उभे राहून हिशेब देणारे मूल जबाबदारी शिकते, आणि गावालाही आपल्या मुलांची ओळख नव्याने पटते.

२०१५ पासून राज्यात १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होत आला आहे. एका दिवसाची प्रेरणा वर्षभर टिकवावयाची असेल, तर त्या दिवशी एक काम अवश्य करता येईल. प्रत्येक शाळेने कपाटाची किल्ली समारंभपूर्वक मुलांच्या मंडळाकडे द्यावी आणि नोंदवहीत पहिले नाव लिहावे. पुढील वर्षी त्याच दिवशी गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि सरपंच यांनी ती नोंदवही उघडून पाहावी. कोणत्या मुलाने किती आणि काय वाचले, कोणाचे नाव एकदाही आले नाही, आणि कोणाला आता पुढच्या पुस्तकाची गरज आहे, हे तीत लिहिलेले असेल. त्या मुलांची नावे वाचून त्यांच्यासाठी पुढचे पाऊल टाकणे, हे मग शिक्षक, पंचायत आणि प्रशासन या सर्वांचे काम आहे.